कानामागची वीज आणि पोटातली कळ : एका चाचणीची चिकित्सा

पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मध्यंतरी आमच्या हातात एक पत्रक ठेवले. पत्रकावर कानाला चिमट्यासारखे लावायच्या एका छोट्या यंत्राचे चित्र होते. शेजारी मजकूर होता : 'पोटाच्या जुनाट तक्रारींवर मज्जातंतू-उत्तेजन. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तंत्रावर आधारित. दहापैकी सात रुग्णांना आराम.' बाईंच्या नववीतल्या एका मुलाच्या पालकांनी ते आणले होते. या मुलाचे पोट गेले वर्षभर अधूनमधून दुखते. तपासण्यांत काही निघत नाही. डॉक्टरांनी 'आयबीएस आहे, घाबरू नका' असे सांगितले. पण दुखणे थांबले नाही, तेव्हा आता हे यंत्र घ्यावे का, असा घरात खल चालू होता. बाईंचा प्रश्न सरळ होता, "यात तथ्य आहे का?"

आमचे काम प्रयोगशाळेतले. रुग्ण तपासण्याचे नव्हे. पण एखादा दावा कोणी, कसा आणि किती जणांवर तपासला हे पाहणे कोणत्याही विज्ञानशाखेच्या माणसाला जमायला हवे. ते शाळेतल्या मुलांनाही जमू शकते. म्हणून पत्रकाला बाजूला न सारता, त्याच्यामागे जी खरी चाचणी आहे ती आपण तपासून पाहू.

चिडखोर आतडे

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. मराठीत 'चिडखोर आतडे' म्हटले तर अर्थ बराचसा पोचतो. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, जंतुसंसर्ग नाही. तरी पोटात कळ येते, कधी जुलाब होतात, कधी शौचाला साफ होत नाही. २०१६ साली ठरलेल्या 'रोम' निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोट दुखत असेल, आणि त्या दुखण्याचा शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या वेळांशी व स्वरूपाशी संबंध असेल, तर हे निदान केले जाते. तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावे लागतात. मुलांसाठीचे निकष थोडे वेगळे आहेत.

भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने केलेली एक देशव्यापी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मुंबईच्या तज्ज्ञांचाही सहभाग होता. सर्वसामान्य लोकांपैकी ४५०० जणांची विचारपूस केली तेव्हा ४.२ टक्के लोकांत आयबीएस आढळला. म्हणजे शंभर जणांच्या डब्यात चार जण. पनवेलहून मुंबईला लोकलने रोज जाणाऱ्यांना या 'चार जणां'चा अर्थ लगेच कळेल. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा सुमारे ८० मिनिटांचा प्रवास आहे आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसते. या विकाराने कोणी दगावत नाही. पण घरातून उपाशी निघणे, वाटेवरच्या प्रत्येक स्टेशनातले शौचालय पाठ असणे, लग्नाला जाणे टाळणे, असे आयुष्य माणूस जगू लागतो. दुखणे खरे, तपासणी मात्र कोरी. अशा ठिकाणी उपायांच्या जाहिराती फोफावल्या तर नवल नाही.

कल्पना बिनबुडाची नाही

पोटदुखीसाठी कानाला वीज? ऐकताच हसू येईल. पण थोडे थांबू. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात, असा अंदाज आहे. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले, तरीही आतडे अन्न पुढे ढकलण्याची हालचाल करत राहिले. म्हणजे आतड्याचा कारभार बराचसा स्वायत्त आहे.

तरी मेंदूशी त्याचे संभाषण सतत चालू असते. या संभाषणाची एक मोठी वाहिनी म्हणजे व्हेगस ही चेता. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडून पोटाकडे नव्हे, तर उलट, पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. आयबीएसमध्ये ही बातमी वाजवीपेक्षा मोठ्या आवाजात पोचते, असे आजचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूने या रुग्णांना कळ येते. व्हेगसची एक छोटी फांदी बाह्यकर्णाच्या त्वचेपर्यंत येते. तेव्हा कानापाशी सौम्य विद्युत्स्पंद देऊन मेंदूच्या बुंध्यातील केंद्रांवर परिणाम घडवावा आणि पोटाची बातमी जरा हळू आवाजात येऊ द्यावी, ही कल्पना तर्काला धरून आहे.

पण कल्पना तर्काला धरून असणे वेगळे आणि ती खरी ठरणे वेगळे. पत्रक वाचणारा बहुधा येथेच फसतो. 'व्हेगस', 'मेंदू', 'विद्युत्स्पंद' हे शब्द खरे असतात, म्हणून पुढचा 'दहापैकी सात' हा आकडाही खरा वाटतो. तो आकडा आपण वर्गात तपासू.

फाशांचा दवाखाना

वर्गाचा पट ३६ धरू. प्रत्येक मुलाने दोन फासे टाकावेत. आलेली बेरीज म्हणजे त्या दिवशीच्या दुखण्याचा आकडा. बेरीज ९ किंवा अधिक आली तो 'रुग्ण'. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १० शक्यतांमध्ये बेरीज ९ वा अधिक येते, म्हणून साधारण दहा रुग्ण मिळतील. आता या दहा जणांच्या कानाला पेन्सिलीचे टोक लावून 'उपचार' करा आणि त्यांना फासे पुन्हा टाकायला सांगा. दहापैकी सुमारे सात जणांची बेरीज ९ च्या खाली येईल. 'दहापैकी सात रुग्णांना आराम'!

पेन्सिलीने काहीही केलेले नाही. आकडा वाईट होता अशाच मुलांना आपण निवडले होते. दुसऱ्या खेपेला तो सरासरीकडे सरकणारच. कोणी म्हणेल, खरे दुखणे फाशांसारखे रोज नव्याने ठरत नाही, काही अंशी ते टिकून असते. अगदी बरोबर. मग रुग्णांनी एक फासा तसाच ठेवावा आणि दुसराच पुन्हा टाकावा. तरीही हिशेबाने दहापैकी पाच जण 'बरे' होतात. हे गणित मुलांनी स्वतः मांडून पाहावे.

आयबीएसचे दुखणे भरती-ओहोटीसारखे चढते-उतरते. माणूस उपाय शोधायला निघतो तो भरतीच्या वेळी. पुढे ओहोटी येते आणि श्रेय त्या आठवड्यात जे काही केले असेल त्याला मिळते : यंत्राला, काढ्याला, नवसाला किंवा बदललेल्या डॉक्टरांना. म्हणून 'उपचाराआधी' आणि 'उपचारानंतर' एवढीच तुलना दाखवणारा कोणताही आकडा, तो कितीही मोठा असो, आम्ही पुरावा मानत नाही.

लाकडी दांड्या

फाशांना मन नसते, माणसाला असते. तेव्हा दुसरी अडचण अपेक्षेची. ती उघड करणारा एक सुंदर प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी विजेच्याच उपचारावर झाला. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या डॉक्टराने १७९६ साली धातूच्या दोन छोट्या टोकदार दांड्यांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या भागावरून फिरवल्या की वेदना निर्माण करणारी वीज शरीरातून ओढून घेतली जाते, असा त्याचा दावा. गॅल्व्हानीचे बेडकांवरचे प्रयोग तेव्हा ताजे होते, त्यामुळे दावा शास्त्रीय वाटे. दांड्या इंग्लंडपर्यंत खपल्या. बाथ शहरातील डॉ. जॉन हेगार्थ यांनी १७९९ साली तशाच दिसणाऱ्या, पण लाकडाच्या दांड्या बनवल्या. पहिल्या दिवशी पाच रुग्णांवर त्या फिरवल्या. चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या दांड्या वापरल्या. निकाल तसाच आला.

हेगार्थ यांनी रुग्णांना खोटे ठरवले नाही. आराम खरा होता. तो धातूमुळे नव्हता, एवढेच त्यांनी दाखवले. मज्जातंतू-उत्तेजनाच्या आजच्या प्रत्येक चाचणीला त्या 'लाकडी दांड्या' हव्याच : दिसायला तेच यंत्र, फक्त वीज नसलेले. शिवाय कोणाला खरे आणि कोणाला बनावट यंत्र मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरावे आणि ते ना रुग्णाला ठाऊक असावे, ना दुखणे मोजणाऱ्याला.

मिलवॉकीची चाचणी

पत्रकात 'अमेरिकेतील मान्यता' म्हटले आहे तिच्यामागे अशी एक चाचणी खरोखर आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीच्या एका बालरुग्णालयात कात्या कोवासिच आणि सहकाऱ्यांनी ती केली आणि २०१७ साली प्रसिद्ध केली. विशिष्ट कारण न सापडणारी पोटदुखी असलेली ११ ते १८ वयाची ११५ मुले तिच्यात होती. कानामागे चिकटवलेल्या छोट्या यंत्रातून निघणाऱ्या तारांच्या सुया कानाच्या त्वचेत बसवायच्या, यंत्र सलग पाच दिवस ठेवायचे, आणि असे चार आठवडे करायचे. एका गटाच्या यंत्रात वीज होती, दुसऱ्याच्या यंत्रात नव्हती. कोणते यंत्र कोणाला, हे चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवले होते. हेगार्थ यांनी पाठ थोपटली असती.

या मुलांपैकी आयबीएस असलेल्या ५० जणांचे आकडे पुढे वेगळे काढले गेले. २७ मुलांना खरे यंत्र मिळाले होते, २३ जणांना बनावट. तीन आठवड्यांनंतर 'सर्वांत तीव्र दुखणे' निदान ३० टक्क्यांनी कमी झाले असे खऱ्या गटात ५९ टक्के, म्हणजे १६ मुले; बनावट गटात २६ टक्के, म्हणजे ६ मुले. 'नेहमीचे दुखणे' तितके कमी झालेली मुले अनुक्रमे ५२ आणि ३० टक्के, म्हणजे १४ आणि ७. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच आकड्यांच्या आधारे ११ ते १८ वयाच्या आयबीएस रुग्णांसाठी यंत्राच्या विक्रीला परवानगी दिली. तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

चाचणीची रचना चांगली होती, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. पोटदुखीच्या मुलांसाठी एवढी नीट आखलेली चाचणी सहसा होत नाही. आता आमचे आक्षेप.

पहिला आक्षेप संख्येचा. २७ आणि २३ ही मुले म्हणजे एका तुकडीएवढी. ५९ आणि २६ यांच्यात ३३ टक्क्यांचा फरक दिसतो. पण इतक्या थोड्या मुलांत नशिबाचा वाटा मोठा असतो. संख्याशास्त्राचे ढोबळ गणित आम्ही मांडले, तेव्हा खरा फरक ७ टक्क्यांपासून ५९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो असे निघाले. नेहमीच्या दुखण्याबाबत ही मर्यादा उणे ५ पासून अधिक ४८ पर्यंत पसरते, म्हणजे शून्यही तिच्यात येते. दुखण्याचे पूर्ण गुण धरून अधिक बारकाईची तुलना करता येते, हे खरे. पण पत्रकांत छापले जातात ते टक्केच, म्हणून त्यांचा कच्चेपणा सांगायला हवा.

दुसरा, निवडीचा. आयबीएसचा हा गट मोठ्या चाचणीतून नंतर वेगळा काढलेला आहे. चाचणी एकाच रुग्णालयात झाली, आणि तेथवर पोचतात ती इतर उपाय थकलेली मुले. मिलवॉकीत निघालेले उत्तर पनवेलच्या सर्वसाधारण मुलाला लागू पडेलच, असे नाही.

तिसरा, काळाचा. आयबीएस वर्षानुवर्षे चालतो. येथे मोजमाप तीन-चार आठवड्यांचे आणि पाठपुरावा त्यानंतरच्या सुमारे दोन महिन्यांचा. भरती-ओहोटीच्या आजारात हा काळ तोकडा आहे.

चौथा, शब्दांचा. '३० टक्के कमी' म्हणजे दहापैकी दहा दुखत होते ते सातवर आले. त्या मुलासाठी हे मोलाचे असेल, पण त्याला 'बरे होणे' म्हणता येणार नाही.

पाचवा आक्षेप या साऱ्या उपचारपद्धतीलाच लागू आहे. गोळी खरी की साखरेची हे जिभेला कळू न देणे सोपे. वीज कळू न देणे अवघड. प्रवाह जाणवणार नाही इतका सौम्य ठेवला, तरी एखाद्याला मुंग्या आल्या तर आपण खऱ्या गटात आहोत हे त्याला उमगते, आणि मग बनावट यंत्राचा उपयोग तेवढा कमी होतो. म्हणून 'कोणते यंत्र मिळाले असे तुम्हाला वाटते?' हा प्रश्न अशा प्रत्येक चाचणीच्या शेवटी विचारायला हवा.

हे आक्षेप ध्यानात घेऊन आमचा निष्कर्ष असा : उपाय आशादायक आहे, सिद्ध झालेला नाही. अनेक ठिकाणी, अधिक मुलांवर, वर्षभराच्या पाठपुराव्यासह चाचणी व्हावी, एवढी पात्रता त्याने नक्की मिळवली आहे.

आणि पत्रकातले यंत्र? चाचणीत सुया होत्या, पत्रकात चिमटा आहे. चाचणीत प्रशिक्षित माणसाने यंत्र बसवले होते, येथे घरच्या घरी लावायचे आहे. 'मान्यता मिळालेल्या तंत्रावर आधारित' या शब्दांत मान्यता एकाची आणि विक्री दुसऱ्याची आहे. हा मात्र आम्हाला सरळ दिशाभूल करणारा मजकूर वाटतो.

बनावट गटातली मुले

बनावट यंत्र लावूनही ६ मुलांचे तीव्र दुखणे उतरले होते. त्यांचे काय? बोस्टनच्या टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आयबीएसच्या २६२ प्रौढ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट नुसता प्रतीक्षायादीत ठेवला, दुसऱ्याला मोजके बोलून बनावट अॅक्युपंक्चर दिले, तिसऱ्याला तेच बनावट अॅक्युपंक्चर, पण आस्थेने विचारपूस करत. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. त्याच गटाने २०१० साली ८० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात 'या गोळीत औषध नाही' असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तरी ५९ टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला, गोळी न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना.

या आकड्यांची मिलवॉकीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. वय, मोजपट्टी, सगळेच वेगळे आहे. पण दोन गोष्टी त्यातून शिकता येतात. पहिली : या विकारात नुसत्या प्रतीक्षेनेही चौथा हिस्सा रुग्ण सुधारतात, म्हणून तुलनेचा गट नसलेला दावा निरर्थक. दुसरी : आस्थेने ऐकून घेणे हा उपचाराचा भाग आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. बनावट उपचाराने बरे वाटले म्हणून 'दुखणे मनाचे' असा अर्थ काढणारे शिक्षक आणि पालक त्या मुलावर अन्याय करतात. वेदना मेंदूतच जाणवते, मग ती पाय मोडल्याची असो वा पोटाची.

शाळेत काय करावे

बाईंना आम्ही जे सांगितले तेच येथे मांडतो. शौचात रक्त पडणे, वजन घटणे, ताप, सतत उलट्या, दुखण्याने झोपेतून जाग येणे, उंची न वाढणे यांपैकी काही असेल तर 'आयबीएस' म्हणून स्वस्थ बसू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि अमीबाचा संसर्ग विसरून चालत नाही. असे मूल डॉक्टरांकडे पुन्हा गेलेच पाहिजे. यापैकी काही नसेल, तर आहार, झोप आणि ताण यांकडे लक्ष देणारे साधे उपाय डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी करावेत. यंत्र विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : तुलनेचा गट कोणता होता? किती जण होते? किती दिवस पाहिले? भारतात जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद सरकारी नोंदवहीत करणे सक्तीचे झाले. ही नोंदवही कोणालाही पाहता येते आणि यंत्रांच्या चाचण्याही तिच्यात नोंदवल्या जातात. या यंत्राची नोंद कुठे आहे, हा चौथा प्रश्न.

त्या मुलाच्या पालकांनी यंत्र तूर्त घेतलेले नाही. बाईंनी दुसरी एक गोष्ट केली. तास चालू असताना हात वर न करता, न विचारता बाहेर जाण्याची मुभा त्याला दिली, आणि मुलांच्या शौचालयाला कडी व पाणी आहे की नाही हे मुख्याध्यापकांसह जाऊन पाहिले. कडी नव्हती. ती बसवून घेतली. याने त्याचे पोट दुखायचे थांबेल असा आमचा दावा नाही. तुलनेचा गट नाही ना! पण वर्गात बसताना त्याची एक भीती कमी झाली असेल, आणि ज्या मुलांनी आपले दुखणे कोणाला सांगितलेच नव्हते त्यांचीही. फाशांचा दवाखाना तेवढा आपापल्या वर्गात भरवून पाहावा, आणि किती 'रुग्ण बरे झाले' ते आम्हाला जरूर कळवावे.